हातानं की मशीननं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या वरूड तालुक्यातल्या संत्र्याच्या कुठल्याही बागेत गेलात, तर विहिरीजवळ किंवा बोअरजवळ खांबाला लटकवलेली एक लोखंडी पेटी दिसेल. पेटीत मोटरचा स्टार्टर असतो आणि त्याच्या बाजूला आणखी एक लहानसा डबा असतो. त्याला कुणी ऑटो म्हणतं, कुणी ऑटोस्विच. शेतीची वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दीड वाजता 'लाइन' आली, तर घरून उठून वावरात कोण जाणार? वाटेत साप असतो, रानडुक्कर असतं, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याही असतो. म्हणून हा डबा. लाइन आली की तो मोटर चालू करतो आणि शेतकरी घरी झोपतो.

हा डबा उघडला की आत तळहाताएवढी एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक भाग बसवलेले असतात. हीच ती सर्किट बोर्ड. टीव्हीत, मोबाईलमध्ये, विजेच्या मीटरमध्ये आणि मतदानयंत्रात अशीच पाटी असते. तिच्यावरचे भाग माणसानं हातानं बसवावेत की मशीननं, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा हा माणूस या भानगडीत कसा पडला? तर आमच्या गावात एक तरुण आहे. अमरावतीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आला आणि ऑटोस्विच तयार करू लागला. डब्यासोबत द्यायचं माहितीपत्रक सोप्या मराठीत हवं, म्हणून तो माझ्याकडे आला. जे आपल्याला कळलं नाही ते दुसऱ्याला समजेल असं लिहिता येत नाही. म्हणून मी त्याच्या कारखान्यात, म्हणजे दोन खोल्यांत, जाऊन बसू लागलो. तिथं सहा बाया सोल्डरिंग करत. एके दिवशी त्यानं मलाच विचारलं, "चाचा, मशीनवर देऊ का हातानंच करत राहू? तुमी सांगा." त्या सहाजणींचे कान आमच्याकडे होते. त्या प्रश्नापायी मी जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी सोल्डरिंग म्हणजे काय ते पाहू. ज्यांनी कल्हईवाला पाहिला आहे, त्यांना ते अर्धं ठाऊकच आहे. कल्हईवाला तांब्यापितळेचं भांडं भट्टीवर तापवतो, त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं ते कथील भांडंभर फिरवतो. नवसागराचं काम काय? धातूवर जमलेला मळ, गंज साफ करण्याचं. मळ असला की कथील धातूला चिकटत नाही, थेंब होऊन घरंगळतो. सर्किट बोर्डावर नेमकं हेच चालतं. पाटीवर तांब्याच्या बारीक वाटा असतात. त्या वाटेशी भागाचा पाय जोडायचा असतो. इथं नवसागराच्या जागी झाडाच्या डिंकापासून केलेली राळ असते, दुकानदार तिला फ्लक्स म्हणतात. आणि कथलात शिसं मिसळलेलं असतं.

शिसं कशाला? नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, नुसतं शिसं ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं, की ते दोघांच्याही आधी, १८३ अंशांनाच वितळतं. कमी आचेवर काम भागतं आणि नाजूक भाग भाजत नाहीत. म्हणून कितीतरी दशकं सगळ्या जगानं हेच मिश्रण वापरलं. पुढं शिशाचा विषारीपणा ध्यानात घेऊन युरोपीय संघानं १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात त्यावर बंदी घातली. आपल्याकडेही २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी संगणक, टीव्ही अशा मालात शिशाला मर्यादा घातली. बिनशिशाचं सोल्डर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. म्हणजे आच वाढली आणि हातानं काम करणाऱ्याची परीक्षाही वाढली.

आता भागांकडे वळू. जुन्या काळी रेडिओत पाटी नव्हतीच. ठाण्याच्या कारखान्यात होणारा मर्फी रेडिओ आमच्या पिढीनं घरोघरी पाहिला. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओचं मागचं झाकण काढलं की आत तारांचं जाळं दिसे. एकेक तार कुणीतरी हातानं जोडलेली असे. पाटीवर तांब्याच्या वाटा छापण्याची कल्पना पॉल आयस्लर या संशोधकानं १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मांडली आणि जाळं गेलं, पाटी आली. सुरुवातीच्या पाटीला भोकं असत. भागाचे तारेसारखे पाय वरून भोकात घालायचे, खालून सोल्डर करायचे, उरलेली तार कापायची. हे काम हाताचं. भाग मोठे, दाण्यासारखे बोटात धरता येणारे. त्यांच्यावर रंगांचे पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांवरून किंमत ओळखतात. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजनं अक्षरओळख नसलेल्या बायांना सौरदिव्यांची सर्किटं जोडायला शिकवलं, ते या रंगांच्याच जोरावर. आज्या झालेल्या बाया ते शिकल्या आणि आपापल्या गावी जाऊन दिवे लावू लागल्या.

मग भागांचे पाय गेले. भाग पाटीच्या भोकात न घालता पृष्ठभागावरच चिकटवायचे, अशी पद्धत आली. १९८० नंतर तिनं जग व्यापलं. भाग आता किती बारीक? नेहमीच्या वापरातला एक भाग १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे तिळाहूनही लहान. त्याच्या धाकट्या भावंडाची लांबी एक मिलिमीटर, रुंदी अर्धा मिलिमीटर. मोबाईलमध्ये याहूनही बारीक असतात. शिंक आली तर दहा भाग उडून जातील. काही चिपांचे सगळे सांधे पोटाखाली, बारीक गोळ्यांच्या रूपात असतात. तिथं सोल्डरिंगच्या कांडीचं टोक पोचूच शकत नाही आणि सांधा नीट बसला की नाही ते पाहायला क्ष-किरण लागतात.

इथं मशीन लागतं. एकच मशीन नव्हे, मशीनची रांग. पहिलं मशीन पोलादाच्या पातळ पत्र्यातून पाटीवर सोल्डरची लेई छापतं. आपल्या आयाबहिणी दारात रांगोळीचा छाप मारतात ना, तसंच. पत्र्याला जिथं भोक, तिथं लेईचा ठिपका. दुसरं मशीन फितीच्या रिळातून एकेक भाग हवेनं ओढून उचलतं आणि त्या ठिपक्यावर नेऊन ठेवतं. लहान मशीन तासाला काही हजार भाग ठेवतं, मोठं मशीन कित्येक दहा हजार. तिसरं मशीन म्हणजे लांबट भट्टी. पाटी पट्ट्यावरून तिच्यातून सरकते, आच हळूहळू चढते, लेई वितळते, सांधे जुळतात आणि पुन्हा हळूहळू थंड होतात. शेवटी कॅमेरा प्रत्येक पाटीचा फोटो घेऊन भाग तिरका बसला का, गळाला का, ते पाहतो.

या दोहोंच्या मधली एक वाटही आहे. भोकातले भाग हातानं घालायचे आणि मग अख्खी पाटी वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून न्यायची. १९५० च्या दशकापासून ही पद्धत चालत आली. लहान कारखान्यात लाटेऐवजी वितळलेल्या सोल्डरचं भांडं असतं, त्यात पाटी अलगद टेकवतात. भाग घालणारा हात माणसाचा, सांधे एका दमात.

आता निवडीचा हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी घेतो, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा, एक पाटी हातानं भरायला ९० रुपये मजुरी पडते. मशीनवर तीच पाटी ३० रुपयांत होते. पण मशीनवर देण्याआधी पत्रा कापून घ्यावा लागतो, कुठला भाग कुठं ठेवायचा हे मशीनला शिकवावं लागतं, रिळं चढवावी लागतात. याचा एकदाचा खर्च समजा १२ हजार. मग पन्नास पाट्या करायच्या असतील, तर हाताचा खर्च साडेचार हजार आणि मशीनचा साडेतेरा हजार. दोनशे पाट्यांना दोन्हीकडे अठरा हजार, बरोबरी. आणि हजार पाट्यांना हाताचे ९० हजार, मशीनचे ४२ हजार. म्हणजे नग किती, हा पहिला प्रश्न. पाटीचा नकाशा वरचेवर बदलतो का, हा दुसरा. कारण नकाशा बदलला की तो एकदाचा खर्च पुन्हा करावा लागतो. हाताला मात्र एवढंच सांगायचं असतं, "बाई, उद्यापासून हा भाग इथं नाही, तिथं."

आणखी एक खर्च डोळ्याआड राहतो. भाग रिळानं येतात. एका रिळात बारीक रेझिस्टर पाच हजार असतात. तुम्हाला लागणार दोनशे. उरलेल्यांचं काय? मोठा कारखाना ते दुसऱ्या मालात वापरतो, लहान माणसाचं भांडवल कपाटात पडून राहतं.

मग मशीनच वरूडला आणून बसवलं तर? त्या तरुणानं तोही विचार केला होता. पण सोल्डरची लेई फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वीज केव्हाही जाते. भट्टीत पाटी असताना वीज गेली की ती पाटी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. चुलीवरची भाकरी पुन्हा शेकता येते, ही पाटी येत नाही. शिवाय असं मशीन दिवसभर चालत राहिलं तरच परवडतं. महिन्यातले दोन दिवस चालवून अठ्ठावीस दिवस झाकून ठेवायचं, तर कर्जाचा हप्ता तेवढा झाकता येत नाही. म्हणून मशीन म्हटलं की आमच्यासाठी त्याचा अर्थ पुण्यासारख्या ठिकाणी तयार रांग असलेल्याकडे काम देणं, एवढाच होतो.

पण पैशाच्या हिशेबापेक्षा मला दुसऱ्या एका हिशेबानं गप्प केलं. तो सांध्यांचा. त्या ऑटोस्विचच्या पाटीवर सुमारे एकशेवीस सांधे आहेत. समजा, बाईचा हात इतका तयार आहे की हजार सांध्यांत एकच कच्चा राहतो. शाळेच्या परीक्षेत हजारपैकी नऊशे नव्व्याण्णव मिळाले तर आपण पेढे वाटू. पण एका पाटीचे एकशेवीसच्या एकशेवीस सांधे पक्के हवेत. गणित केलं तर शंभर पाट्यांतल्या सुमारे अकरा पाट्यांत एखादा तरी सांधा कच्चा निघतो. तेच मशीननं दहा हजारांत एक चूक केली, तर शंभरात जेमतेम एक पाटी. बाईचा हात वाईट नाही. पण तोच सांधा दिवसात दोन हजार वेळा तितक्याच आचेवर, तितकेच सेकंद धरून करायचा, हे माणसाच्या शरीराला जमणारं काम नाही. दुपारी डोळा जड होतो, घरी लेकराला ताप असतो.

कच्चा सांधा लगेच दगा देत नाही. दुकानात तपासताना तो चालतो. उन्हाळ्यात डबा तापतो, रात्री निवतो, मोटर हादरते आणि चार महिन्यांनी सांधा सुटतो. तो नेमका केव्हा सुटेल? संत्र्याला बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि मग ठरल्या वेळी पाणी सोडतात. आंबिया बहाराला जानेवारीच्या आसपास. ते पाणी वेळेवर मिळालं तर फूल. न मिळालं तर वर्ष गेलं. २०१९ च्या उन्हाळ्यात पाण्यावाचून वरूड-मोर्शीच्या कित्येक बागा डोळ्यांदेखत वाळल्या, ते आम्ही पाहिलं आहे. एका शेतकऱ्यानं त्या तरुणाला माझ्यासमोर विचारलं होतं, "लाइन आली अन् मोटर सुरूच नाई झाली, त सकाळी वावरात जाऊन म्या काय पाहू?" सांध्याचं गणित त्याला ठाऊक नव्हतं. उत्तर मात्र त्यालाच हवं होतं.

दुसरा धोका मोटरचा. तीन फेजांपैकी एक फेज गेली आणि मोटर चालूच राहिली, तर उरलेल्या दोन फेजांवर भार पडून वाइंडिंग जळतं. डब्यातल्या पाटीनं ते ओळखून मोटर बंद करायची असते. आणखी एक. लाइन येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, तर डीपीच जळते. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून टाका, कॅपॅसिटर बसवा, असं सांगत असते. त्यात तथ्य आहे. निदान एवढं तरी हवं, की डब्यानं लाइन आल्यावर थोडा वेळ थांबून मग मोटर लावावी आणि वेगवेगळ्या डब्यांनी वेगवेगळा वेळ थांबावं. तो वेळ ठरवतात पाटीवरचे एकदोन बारीक भाग. एवढीशी पाटी, पण तिच्यावर शेतकऱ्याची मोटर आणि गावाची डीपी अवलंबून आहे.

हे ऐकून निर्णय सरळ वाटेल. द्या मशीनवर. पण हाताची बाजूही ऐका.

पाटीवर सगळेच भाग बारीक नसतात. रिले, ट्रान्सफॉर्मर, तारा कसायचे टर्मिनल हे अंगानं जड असतात. ते भोकातच घट्ट बसवावे लागतात आणि त्यांचे सांधे जाड, भरपूर सोल्डरचे लागतात. थोड्या नगांसाठी हे काम हाताइतकं सोयीचं कुठलंच मशीन करत नाही. तारा जोडणं, पाटीवर ओल आणि मुंग्यांपासून वाचवणारं वॉर्निश लावणं, डब्यात बसवून पाली शिरणार नाहीत अशी भोकं बुजवणं, हेही हाताचंच काम.

हात आणि मशीन यांनी एकाच कामात वाटणी केल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या अपोलो यानाच्या संगणकाची स्मृती अक्षरशः विणलेली होती. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बाया बसून लोहचुंबकी कड्यांतून तांब्याची तार ओवत. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. पण कुठल्या कड्यातून ओवायची हे त्या बाईला लक्षात ठेवावं लागत नसे. भोकं पाडलेल्या फितीवर चालणारं मशीन नेमकं कडं तिच्या सुईसमोर आणून धरी. जागा मशीन दाखवी, सुई बाई ओवी. लक्षात ठेवण्याचं ओझं मशीनकडे दिलं आणि तार न तुटता, न ताणता ओवण्याचं कसब हाताकडे ठेवलं.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीनं २०१४ पासून प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकारानं शाळकरी मुलांसाठी सौरदिव्यांचा मोठा कार्यक्रम राबवला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा या चार राज्यांत दहा लाख दिवे मुलांपर्यंत पोचले. ते गावागावांतल्या माणसांनी शिकून जोडले आणि तिथंच दुरुस्तीचीही सोय केली. बारीक, नाजूक भाग बाहेरून तयार आणायचे आणि जोडणी, तपासणी, दुरुस्ती गावात ठेवायची, असा तो विचार. दिवा बिघडला तर जोडणारा माणूस शेजारीच असतो.

आता त्या सहाजणींबद्दल. त्यातल्या दोघी आमच्याच मोहल्ल्यातल्या. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की मुसलमानांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हातकामावर पोट भरणारे जास्त आणि बायांत तर घरबसल्या नगावर मजुरी करणाऱ्या पुष्कळ. आमच्या गावात ते डोळ्यांनी दिसतं. बिडी, शिवण, मशीनदुरुस्ती, वेल्डिंग. हातातली कला हीच इस्टेट. एक बाई मला म्हणाली, "भाऊ, आत्ता कुठं हात बसला. अन् आता मशीन?" तिला मी टाळ्यांचं वाक्य ऐकवू शकत नव्हतो.

पण हाताच्या कामाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायची नाही. हातानं स्वस्त पडतं, याचा अर्थ पुष्कळदा बाईला कमी देतात एवढाच असतो. सांध्यामागं मजुरी असली की ती घाई करते आणि घाईत सांधा कच्चा राहतो. शिशाचं सोल्डर घरी नेऊन चुलीशेजारी करायचं काम नाही. त्या आचेवर शिसं धूर होऊन उडत नाही, ते बोटाला लागतं आणि बोटातून घासाबरोबर पोटात जातं. जो धूर दिसतो तो राळेचा. तो रोज छातीत गेला तर दमा होऊ शकतो. म्हणून वेगळी खोली, धूर ओढणारा पंखा, जेवणाआधी साबणानं हात धुणं आणि लेकरं दूर ठेवणं, एवढं हवंच. हे सगळं देऊन जो हिशेब निघेल, तो हाताचा खरा हिशेब.

शेवटी त्या तरुणानं काय केलं? त्यानं पाटीचा नकाशा बदलला. तीसएक बारीक भाग पृष्ठभागावर चिकटणारे घेतले आणि ते मशीनवर बसवायला बाहेर दिले. डझनभर जड भाग, तारा, वॉर्निश आणि तपासणी वरूडला ठेवली. सहापैकी चौघींना काम राहिलं. दोघींचं गेलं. त्यातली एक आता शिवणकाम करते, दुसरी संत्र्याच्या हंगामात प्रतवारीला जाते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना ती दोन नावं सोयीनं गाळली जातात.

आणि पहिल्याच खेपेला असं झालं. मशीनवरून दोनशे पाट्या आल्या. सांधे आरशासारखे. चौघींपैकी एकीकडे तपासणी होती. ती डबा लाइनला जोडून घड्याळ लावून बसे. दोन मिनिटांनी लागायची ती मोटर बारा सेकंदांत लागू लागली. दुसरा डबा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. शोध घेतला तेव्हा कळलं, मशीनवर एक रीळ चुकीचं चढलं होतं. दहाव्या हिश्श्याच्या क्षमतेचा कॅपॅसिटर दोनशेच्या दोनशे पाट्यांवर अचूक बसला होता. या बारीक कॅपॅसिटरवर काही लिहिलेलं नसतं, रंगही तोच असतो. कॅमेऱ्याला तो कळत नाही, कुणाच्या डोळ्यालाही कळत नाही. डबा चालवून पाहिला तरच कळतो. मग त्या चौघींनी दोन दिवस बसून दोनशे भाग हातानं बदलले.

हाताची चूक विखुरलेली असते, इथं एक, तिथं एक. मशीनची चूक झाली तर ती सगळीकडे एकसारखी होते. म्हणून मशीनवर काम दिलं की पहिली पाटी हातात घेऊन, प्रत्येक भाग मोजून, चालवून पाहायची आणि मगच पुढच्या पाट्यांना हो म्हणायचं, असा या धंद्यातला शहाणपणाचा नियम आहे. तो तरुण आता तसंच करतो. तपासणाऱ्या बाईची मजुरीही त्यानं सोल्डरिंगपेक्षा जास्त ठेवली आहे. नगावर नाही, दिवसावर, म्हणजे तिनं घाई करू नये.

तेव्हा कुणी असा उद्योग सुरू करणार असेल, तर माझ्यासारख्या ऐकून शिकलेल्या माणसाची शिदोरी एवढीच. नग किती आणि नकाशा स्थिर आहे का, ते आधी पाहा. नमुन्याच्या पाच-दहा पाट्या हातानंच करा, त्यात चुका लवकर आणि स्वस्तात सापडतात. भाग बोटात धरता येतो का, ते पाहा. येत नसेल तर हट्ट धरू नका. जड भाग हाताकडे ठेवा. पाटी बिघडली तर कुणाचं काय जाईल, हे कागदावर लिहा. जितकं जास्त जाईल, तितका तपासणीवर खर्च करा. आणि हातानं काम करून घ्यायचं तर त्या हाताचा पंखा, साबण आणि दिवसाची मजुरी हिशेबात आधी धरा.

आणि जे शेतकरी बांधव हा डबा विकत घेतात, त्यांच्यासाठी. दुकानदार सांगेल, "पूर्ण मशीनचा माल आहे." ऐकून घ्या. मग दोन गोष्टी विचारा. हा डबा लाइनवर लावून कुणी तपासला? आणि जानेवारीत, बहाराच्या पाण्याच्या रात्री बंद पडला, तर वरूडच्या बाजारात तो उघडून दुरुस्त करणारं कोण आहे? या दोन्हींची उत्तरं मिळाली, तर डबा घ्या. माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत मी हेच दोन प्रश्न लिहिले आहेत, आणि त्याखाली त्या तरुणानं दुकानाचा पत्ता छापला आहे.